लेट्यूसला नत्र किती आणि केव्हा?

प्रश्न : माझी आंबेगाव तालुक्यात घोड नदीकाठी मध्यम काळी जमीन आहे. फ्लॉवर काढल्यानंतर त्याच एक एकरात ऑक्टोबरअखेर गादीवाफ्यावर आइसबर्ग लेट्यूसची लागण केली. लागणीपूर्वी तीन टन कोंबडी खत आणि दोन गोण्या डीएपी दिला, दहाव्या दिवशी एक गोणी युरिया टाकला. साडेचार फुटांच्या गादीवर ठिबकची एक नळी असून एकेका फुटावर ताशी दोन लिटरचा ड्रीपर आहे. वीज रात्रीची असल्याने तीन दिवसांच्या अंतराने सलग सहा तास पाणी चालते. पंचविसाव्या दिवशी पाने फिकट दिसू लागली म्हणून आणखी दोन गोण्या युरिया दिला. पीक हिरवेगार झाले, पण गड्डे पोकळ राहिले, आतल्या पानांच्या कडा करपल्या आणि व्यापाऱ्याने निम्मा माल नाकारला. तो तिथेच गाडला. शेजारी म्हणतात, युरिया उशिरा आणि कमी पडला. त्याच जमिनीत जानेवारीत पुन्हा लागण करायची आहे. युरिया किती वाढवू? नॅनो युरिया फवारला तर चालेल का?

उत्तर : नमस्कार. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगून टाकतो. जानेवारीच्या लागणीला युरिया वाढवू नये. लागणीपूर्वी दिले जाणारे नत्र या खेपेला पूर्ण बंद ठेवावे आणि पुढचे नत्र मातीतील नायट्रेट (पिकाला लगेच उचलता येणारे नत्राचे रूप) मोजल्याशिवाय देऊ नये. शेजाऱ्यांचे निदान निम्मे बरोबर आहे. युरिया उशिरा पडला हे खरे, पण कमी मात्र पडला नाही.

आपण सगळे आकडे लिहून पाठवलेत म्हणून हिशेब मांडता येतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २०.७ किलो नत्र असते, म्हणजे तीन गोण्यांतून ६२ किलो नत्र गेले. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र असते, त्याचे दोन गोण्यांचे १८ किलो. रासायनिक खतांतूनच ८० किलो झाले. कोंबडी खताचा दर्जा फार कमीजास्त असतो, तरी दोन टक्के नत्र धरले तर तीन टनांत ६० किलो येते आणि त्यातले सुमारे निम्मे पहिल्याच हंगामात मोकळे होते. ही बेरीज ११० किलोवर जाते, आणि फ्लॉवरचा जो पाला आपण जमिनीत मिसळला त्याचे नत्र यात धरलेलेच नाही. आता पिकाची गरज पाहा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सॅलिनास खोऱ्यात उघड्या शेतातील लेट्यूसवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विस्तार सेवेने वर्षानुवर्षे मोजमापे केली आहेत. तिथले भरघोस पीक मुळापासून गड्ड्यापर्यंत सगळे मिळून एकरी साधारण ५५ ते ६५ किलो नत्र उचलते. आपल्याकडचे उत्पादन त्याहून कमी असते, म्हणून एकरी ४० ते ५० किलो ही उचल मी पुरेशी धरतो. आपल्याकडे सर्रास सांगितली जाणारी हेक्टरी १०० ते १२० किलोची मात्राही याच्याशी जुळते. आपण पिकाला त्याच्या गरजेच्या दुपटीहून अधिक नत्र दिले होते.

तरीही पंचविसाव्या दिवशी पाने फिकट का पडली, हा आपला खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पाण्यात आहे. आपल्या मांडणीत एका ड्रीपरच्या वाट्याला सुमारे ०.४२ चौरस मीटर जमीन येते, त्यामुळे एका तासात जवळजवळ पाच मिलिमीटर आणि सहा तासांत सुमारे २९ मिलिमीटर पाणी पडते. थंडीच्या दिवसांत पुरी वाढ झालेले लेट्यूस दिवसाला तीन ते चार मिलिमीटर पाणी घेते, आणि लहान रोपे तर त्याहून पुष्कळच कमी. तीन दिवसांची गरज दहा-बारा मिलिमीटर असताना आपण २९ मिलिमीटर देत होतात. उरलेले पाणी खाली गेले आणि जाताना नत्र घेऊन गेले. युरिया पाण्याबरोबर सहज सरकतो. जमिनीत दोन-तीन दिवसांत त्याचे अमोनियम होते आणि आठवडा-दोन आठवड्यांत त्यातले बहुतेक नायट्रेट बनते. अमोनियमला काळी माती धरून ठेवते, नायट्रेटला मात्र कोणतीच माती धरू शकत नाही. लेट्यूसची बहुतेक मुळे वरच्या एक फुटात असतात. त्याखाली गेलेले नायट्रेट या पिकापुरते संपलेच.

पिकाची भूक कोणत्या दिवसांत लागते, हेही समजून घ्यावे, कारण आपल्याकडील बहुतेक चुका इथेच होतात. सॅलिनासमध्ये बियाणे थेट शेतात पेरतात आणि पीक ६५ ते ७० दिवसांत काढणीला येते. पहिल्या महिन्यात ते एकूण उचलीचा जेमतेम दहावा भाग घेते, आणि त्यानंतर मात्र एकरी दिवसाला दीड किलोच्या आसपास नत्र ओढू लागते. आपण ट्रेमधील साडेतीन-चार आठवड्यांचे रोप लावतो, पण लागणीच्या धक्क्यातून सावरून नवी मुळे फुटेपर्यंत त्याचीही उचल नगण्यच असते. खरी उचल विसाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होते आणि पंचेचाळिसाव्या-पन्नासाव्या दिवसापर्यंत चालते. आपल्या पिकासाठी या काळात एकरी रोज एक ते सव्वा किलो नत्र पुरेसे आहे. लागणीपूर्वीचा डीएपी, कोंबडी खताचा पहिला भर आणि दहाव्या दिवसाची युरियाची गोणी ही सारी खते पिकाला भूकच नव्हती अशा दिवसांत पडली, आणि भूक लागण्याआधीच रात्रीच्या पाण्याने ती खाली नेली.

त्यानंतरच्या दोन गोण्यांनी उलट दिशेने नुकसान केले. एकाच वेळी एकरी ४१ किलो नत्र मिळाल्यावर पाने भराभर वाढतात, त्यांच्या पेशी मोठ्या आणि पातळ भित्तिकांच्या होतात, आणि बाहेरची पाने फैलावत राहिल्याने गड्डा आवळून भरत नाही. गड्डा सैल राहण्याचे मुख्य कारण बहुतेक वेळा उष्णता असते; परंतु आपले पीक डिसेंबरात, थंड रात्रींत भरत होते, त्यामुळे इथे मी दोष नत्रालाच देतो. आतल्या पानांच्या कडा करपणे, ज्याला आपण टिपबर्न म्हणतो, ही त्या कोवळ्या पानांमधील कॅल्शियमची टंचाई आहे. आपल्या काळ्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असते. अडचण ते पानापर्यंत पोहोचण्याची आहे. कॅल्शियम झाडात बाष्पोत्सर्जनाच्या ओढीनेच चढते, आणि बंद गड्ड्यातील पान जवळजवळ बाष्पोत्सर्जन करतच नाही. वाढ संथ असेल तर जे थोडे कॅल्शियम मिळते त्यात त्याचे भागते. युरियाच्या जोराने वाढ दुप्पट वेगाने झाली की पानाची कड मरते. मेलेल्या कडेतून मऊ कूज आणणारे जिवाणू आत शिरतात, म्हणून असा माल वाहतुकीत चिकट होतो. आपल्या व्यापाऱ्याने तो नाकारला याचे दुःख मला समजते, पण बाहेरून हिरव्या दिसणाऱ्या त्या गड्ड्यात त्याने जे पाहिले ते खरेच होते. गड्डा बंद झाल्यावर केलेली कॅल्शियमची फवारणी आतल्या पानांपर्यंत पोहोचत नाही. फवारायचेच असेल तर गड्डा मिटण्याआधी फवारावे, आणि तेव्हाही तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आता माती परीक्षणाविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपल्या मृद आरोग्य पत्रिकेवर ‘उपलब्ध नत्र’ असा रकाना असतो आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य जमिनींत त्यापुढे ‘कमी’ असे लिहिलेले असते, कारण हेक्टरी २८० किलोखालचा आकडा ‘कमी’ गणला जातो. ते वाचून शेतकरी युरियाची गोणी वाढवतो. हा आकडा क्षारीय परमँगनेट पद्धतीने काढलेला असतो आणि सेंद्रिय पदार्थांतून पुढे हळूहळू किती नत्र मोकळे होऊ शकेल याचा तो अंदाज असतो. आज, या घटकेला, मुळांच्या थरात पिकाला उचलता येईल असे किती नत्र आहे, हे तो सांगत नाही. साठ दिवसांच्या पिकाला ती आजची माहितीच हवी असते. म्हणून प्रयोगशाळेत नमुना देताना ‘नायट्रेट नत्र’ मोजून द्या, असे स्पष्ट सांगावे. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळ आहे; ही चाचणी तिथे होते का ते आधी विचारून घ्यावे, नाहीतर पुण्याच्या प्रयोगशाळांत चौकशी करावी.

नमुना घेण्याची रीत काटेकोर पाळावी. ड्रीपरच्या अगदी खाली किंवा गादीच्या कडेला माती घेऊ नये. नळी आणि रोपांची ओळ यांच्या मधली, वरपासून एक फूट खोलीपर्यंतची माती दहा-पंधरा ठिकाणांहून घेऊन एकत्र करावी आणि त्यातली अर्धा किलो ठेवावी. ओली माती पिशवीत दोन दिवस पडून राहिली तर तिच्यातील जिवाणू नायट्रेट बनवत राहतात आणि आकडा फुगतो, म्हणून नमुना त्याच दिवशी पोहोचवावा किंवा सावलीत पातळ पसरून लगेच वाळवावा.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागत असेल तर शेतावरची झटपट चाचणीही उपयोगी पडते. सॅलिनासच्या शेतकऱ्यांत ती रुळलेली आहे. कॅल्शियम क्लोराइडच्या अगदी सौम्य द्रावणाचे तीस मिलिलिटर एका नळीत घ्यावे, पातळी चाळीसपर्यंत चढेल इतकी ओलसर माती त्यात टाकावी, ढेकळे पूर्ण विरघळेपर्यंत हलवावे आणि गाळ बसू द्यावा. वर आलेल्या स्वच्छ पाण्यात नायट्रेट मोजणारी रंगपट्टी बुडवावी, पट्टीच्या डबीवर दिलेल्या वेळेनंतर तिचा रंग त्याच डबीवरील रंगांशी ताडून पाहावा, आणि आलेल्या आकड्याला मध्यम जमिनीसाठी दोनने भागावे. पट्टीवर ४० आले तर मातीत दशलक्ष भागांत सुमारे २० भाग नायट्रेट नत्र आहे असे समजावे. भारी मातीत भाजक थोडा कमी लागतो, पण निर्णयासाठी इतकी अचूकता पुरते.

हा वीसचा आकडा लक्षात ठेवावा. सॅलिनास खोऱ्यात शेतकऱ्यांच्या शेतांवर झालेल्या चाचण्यांत असे दिसले, की वरच्या एक फुटात नायट्रेट नत्र २० भागांहून जास्त असेल तर त्या वेळी वरखत दिले नाही तरी उत्पादन घटत नाही. आपल्या जमिनीच्या घनतेनुसार एक भाग म्हणजे एकरी सुमारे दीड किलो नत्र, म्हणजे वीस भाग म्हणजे एकरी ३० किलो. आपला आकडा वीसपेक्षा जितका कमी येईल त्याची दीडपट किलो नत्र द्यावे. समजा आकडा १२ आला. आठ भागांची तूट, म्हणून १२ किलो नत्र, म्हणजे साधारण २६ किलो युरिया.

जानेवारीसाठी माझी सूचना अशी आहे. आपण नाकारलेला निम्मा माल आणि सगळ्या बाहेरच्या पानांचा पाला त्याच जमिनीत गाडला आहे. लेट्यूसचा पाला कोवळा असतो, त्यात कर्बाचे प्रमाण कमी असते, त्यामुळे तो तीन ते सहा आठवड्यांत कुजून नत्र मोकळे करतो. माझ्या अंदाजाने त्यातून एकरी तीसेक किलो नत्र येईल आणि ते नेमके नव्या पिकाच्या भुकेच्या दिवसांत येईल. म्हणून या वेळी कोंबडी खत आणि डीएपी दोन्ही टाळावेत. स्फुरदाची गरज परीक्षणात दिसली तर सिंगल सुपर फॉस्फेट वापरावे, त्यात नत्र नसते. लागणीच्या दिवशी एकदा आणि पंधराव्या दिवशी पुन्हा नायट्रेट मोजावे. पहिला आकडा दहाच्या खाली असेल तरच रोपे लागेपर्यंत ठिबकमधून चार-पाच किलो नत्र द्यावे. पंधराव्या दिवसाच्या आकड्यावरून वर सांगितल्याप्रमाणे तूट काढून ती एकदम न देता तीन-चार दिवसांच्या अंतराने तीन-चार हप्त्यांत ठिबकमधून सोडावी, आणि अठ्ठाविसाव्या-तिसाव्या दिवशी मोजून पुढचे ठरवावे. काढणीच्या दहा दिवस आधी नत्र बंद करावे. गादीवर युरिया फेकणे सोडून द्यावे, कारण आपल्या विम्लधर्मी (अल्कलीयुक्त) जमिनीच्या ओल्या पृष्ठभागावर पडलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो.

खताची निवड मी दुय्यम मानतो. युरिया स्वस्त आहे आणि ठिबकमधून हप्त्याने दिला तर चांगले काम करतो. गड्डा धरण्याच्या सुमारास एक-दोन हप्ते कॅल्शियम नायट्रेटचे द्यावेत, कारण जास्त अमोनियममुळे मुळांची कॅल्शियम उचल मंदावते. मात्र ते फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खताबरोबर एका टाकीत मिसळू नये, साका बसून ड्रीपर बंद पडतात. गड्डा भरावा म्हणून पुष्कळ जण शेवटी १३:०:४५ हे नत्र-पालाशाचे विद्राव्य खत सोडतात, आणि त्यात तेरा टक्के नत्र आहे हे विसरतात. तेही बेरजेत धरावे, किंवा त्याऐवजी ०:०:५० हे नत्र नसलेले पालाश खत वापरावे.

पाण्याची वेळ बदलल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही. वीज रात्री सहा तास मिळते म्हणून सहा तास पाणी द्यावे असे नाही. स्वयंचलित टायमर बसवता आला तर उत्तम. नाहीतर एकरातील गाद्यांचे तीन भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्यावा आणि एका रात्री प्रत्येक भागाला दोन तास पाणी द्यावे. दोन तासांत सुमारे दहा मिलिमीटर होतात, तीन दिवसांना तेवढे पुरते. रात्री उठून व्हॉल्व्ह बदलण्याचे कष्ट मला ठाऊक आहेत, तरीही मी हे आग्रहाने लिहितो, कारण आपल्या नुकसानीतला मोठा वाटा त्या चार जादा तासांचा आहे. खत सोडायचे असेल तेव्हा ते पाण्याच्या मधल्या वेळेत सोडावे आणि नंतर नळ्या धुण्यापुरतेच, दहा-पंधरा मिनिटे, साधे पाणी चालवावे.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचाही नमुना द्यावा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची आपल्याकडची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. इतके नायट्रेट असलेल्या एक लाख लिटर पाण्यातून एक किलो नत्र शेतात येते. लेट्यूस एका हंगामात एकरी सात-आठ लाख लिटर पाणी खरोखर वापरते, तेव्हा अशा विहिरीतून सात-आठ किलो नत्र फुकट मिळते. तेवढे खतातून वजा करावे. आकडा ४५ च्या पुढे आला, तर ते पाणी लहान मुलांना पिण्यासाठी, विशेषतः बाटलीच्या दुधासाठी, मुळीच वापरू नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही.

नॅनो युरियाविषयी थोडक्यात. सुरुवातीला बाजारात आलेल्या चार टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत सुमारे २० ग्रॅम नत्र असते, आणि आपले पीक भर वाढीत एकरी दिवसाला एक किलोहून अधिक नत्र उचलते. त्याच्या भरवशावर जमिनीतले नत्र कमी करू नये. शिवाय आपली अडचण नत्र कमी असण्याची नाहीच, त्यामुळे हा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. मार्चमध्ये पीक निघाल्यावर जमिनीत जे नायट्रेट उरेल ते जूनपर्यंत तिथेच राहील, आणि पहिल्या मोठ्या पावसात घोडकाठच्या विहिरींकडे जाईल. सॅलिनास खोऱ्यात वर्षाला दोन-दोन पिके लेट्यूसची घेऊन हेच झाले. तिथल्या आणि तुलारे खोऱ्यातल्या भूजलाचा जो अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात भूजलात जाणाऱ्या नत्रापैकी ९६ टक्के शेतजमिनीतून येत असल्याचा निष्कर्ष होता, आणि तिथल्या काही वस्त्यांना आपल्या विहिरी सोडून पिण्याचे पाणी बाहेरून आणावे लागले. तिथे यावरचा एक उपाय म्हणून हिवाळी पावसाआधी खोल मुळांचे पीक घेतात. आपल्याकडे तेच काम उन्हाळी चाऱ्याचा मका किंवा ज्वारी करील: लेट्यूसच्या मुळांखाली गेलेले नत्र ती उचलतील, त्यांना वेगळा युरिया द्यावा लागणार नाही, आणि दावणीला चाराही मिळेल. पाणी असेल तर मार्चअखेर पेरणी करून घ्यावी.

शेजाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. जानेवारीच्या प्लॉटमध्ये एका कडेच्या चार गाद्यांना स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवून त्यांच्या पद्धतीने खत द्यावे, बाकीच्यांना मोजून द्यावे, आणि काढणीच्या दिवशी दोन्हीकडचे वीस-वीस गड्डे तोडून तोलावेत व उभे चिरून पाहावेत. तिन्ही वेळचे नायट्रेटचे आकडे, खतांची नोंद आणि ही वजने मला कळवलीत, तर पुढच्या ऑक्टोबरच्या लागणीसाठी आपल्या जमिनीला लागू पडेल अशी मात्रा आपण मिळून ठरवू.